एक्सएडिटमधी लेव्हल्ड लिस्टची भानगड: मित्राच्या गेममधी माझ्या चादरी दिसेनात

चादरवाला_१३

नमस्कार मंडळी, पहिलीच पोस्ट हाय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी सोलापूरचा, घर अशोक चौकाकडं, घरात चादरीचा धंदा आजोबापासून. स्कायरिम स्पेशल एडिशन हा कॉम्प्युटर गेम खेळतो तीन वर्षं झाली. मे महिन्यात आपल्याकडं दुपारी बाहेर पडायची सोय नसते तुम्हाला माहितीच हाय, तर घरात बसून बसून डोक्यात आलं की गेममधी सोलापुरी चादर आणायची. त्या बर्फाळ मुलखात सगळे कातडी पांघरून झोपतात, एक चादर तरी पाहिजे की! घरातल्या सहा चादरींचे फोटो काढून टेक्स्चर बनवलं, क्रिएशन किटमधी (गेमच्याच कंपनीचं मॉड बनवायचं टूल) सहा वस्तू केल्या, आणि किरकोळ माल विकणाऱ्या दुकानदारांची जी लेव्हल्ड लिस्ट असते (दुकानात काय काय माल येणार त्याची गेममधली यादी) तिच्यात त्या टाकल्या. माझ्याकडं एकदम झकास चाललं, दुकानात गेलं की चादर दिसती, आईला बोलावून दाखवलं.

मग दोस्ताला दिलं, तो राहतो विजापूर रोडला, त्याच्या गेममधी १८० मॉड (गेममधी बाहेरून घातलेली भर). त्याच्याकडं एका पण दुकानात चादर नाही. माझं प्लगिन (मॉडची फाइल) लोड ऑर्डरमधी, म्हणजे फाइली कुठल्या क्रमानं उघडतात त्या यादीत, सगळ्यात खाली नेलं तर चादरी आल्या पण त्याच्या दुसऱ्या मॉडचे मसाले गायब. वर नेलं की मसाले येतात, चादरी जातात. दोन तास हेच करलालो होतो.

दुसरी गोष्ट. त्याच मॉडमधी बाजारभाव पण बदलायचेत, कापडचोपड भांडीकुंडी मिळून ३१२ वस्तू. एसएसई-एडिटमधी (एक्सएडिटचंच स्कायरिमवालं नाव, प्लगिन उघडून बदलायचं टूल) एकेक उघडून किंमत टाइप करून ६० केल्या आणि मान धरली. मग कुठनंतरी एक स्क्रिप्ट मिळाली, तिच्यात जरा बदल करून चालवली तर तिनं माझ्या सोडून त्या मसालेवाल्या मॉडच्याच किमती बदलल्या 😭 आणि मी सेव्ह पण केलं.

तिसरं, कुणीतरी म्हणालं ईएसएल (हलकं प्लगिन) कर, जागा वाचती, म्हणून फॉर्म आयडी (वस्तूंचे नंबर) कॉम्पॅक्ट केले, तर माझ्या सेव्हमधी पेटीत ठेवलेल्या चादरी गेल्या. सहाच्या सहा.

तर ह्या टूलमधी हे नीट करायची पद्धत काय? का टूलच असलं हाय? आणि टूल सुधारायचं म्हणलं तर आपल्यासारख्याला काय करता येतं का?

भुईकोट_बग

ईएसएल करून चादरी गेल्या 😂😂 सेव्ह चालू असताना कॉम्पॅक्ट कोण करतं बे. आणि ती दर वेळी थांबायला लावणारी वॉर्निंग येती ना एडिट करताना, तिला बंद करायला शॉर्टकटमधी एक पॅरामीटर टाकता येतो, "आय नो व्हॉट आयम डूइंग" सगळं जोडून लिहायचं. मी तेच टाकून ठेवलंय, कटकट नाही.

एमएच१३_मेकॅनिक

भुईकोट, त्याला तो पॅरामीटर सांगू नकोस उगं. ज्याला वॉर्निंगची कटकट होती त्यालाच तिची गरज असती.

चादरवाल्या, तुझं टूल चांगलं हाय, तुला प्लगिन कसं चालतं हे कुणी सांगितलं नाही एवढंच. आपल्याला वाटतं की मी लिस्टमधी सहा चादरी "वाढवल्या", म्हणजे प्लगिनमधी फक्त सहा ओळी गेल्या असतील. तसं नाही. प्लगिनमधी त्या लेव्हल्ड लिस्टची अख्खी नवी प्रत जाते, मूळच्या सगळ्या वस्तू अधिक तुझ्या सहा. मसालेवाल्यानं पण तेच केलंय, मूळ वस्तू अधिक त्याचे मसाले. आता गेम दोन्ही प्रती बघतो आणि लोड ऑर्डरमधी शेवटी आलेली एकच धरतो, आधीची अख्खी फेकून देतो. बेरीज करत बसत नाही. म्हणून वरखाली करून कधीच सुटणार नाही हे, तू दोन तास काय दोन दिवस केलं असतंस तरी.

आता एसएसई-एडिटमधी हे डोळ्यानं बघ. उघडताना जी प्लगिनची यादी येते तिथं राइट क्लिक करून सगळ्यांची टिक काढ, फक्त तुझं आणि मसालेवाल्याचं प्लगिन ठेव, त्यांचे मास्टर (ते ज्या फाइलींवर टेकलेत त्या) आपोआप येतात. १८० च्या १८० लोड करायची काही गरज नाही, रॅम पण कमी खातो. मग ती लेव्हल्ड लिस्ट उघड. उजवीकडं रकाने दिसतील, डावीकडं मूळ गेम, मग एक मॉड, मग दुसरा, सगळ्यात उजवीकडचा जिंकलेला. लाल पट्टा दिसला म्हणजे भांडण हाय. अक्षरं नारिंगी असली तर तो जिंकला, लाल असली तर हरला. तुझ्या चादरींच्या अक्षरांचा रंग कुठला हाय ते सांग बघू, मी न बघता सांगतो लाल असणार.

उपाय: तुझ्या मॉडला हात लावू नकोस, त्याच्या तर अजिबात नको. जिंकलेल्या रकान्याच्या वर राइट क्लिक, "कॉपी ॲज ओव्हरराइड इंटू", आणि नवीन फाइल. तो मास्टर जोडायचे का विचारेल, हो म्हण. आता चौथा रकाना आला तो तुझा पॅच, म्हणजे दोन्ही मॉड जुळवणारी छोटी फाइल. हरलेल्या रकान्यातल्या चादरींच्या ओळी धरून पॅचच्या रकान्यात ओढून टाक, बस. पॅच शेवटी लोड कर. दोस्ताला तुझं प्लगिन आणि हा पॅच दोन्ही दे.

एक ध्यानात ठेव, लेव्हल्ड लिस्टमधी जास्तीत जास्त २५५ ओळी बसतात, मोजायला एकच बाइट ठेवलाय त्यांनी. सहा चादरींना काही होत नाही, पण काही लोक एका दुकानदाराच्या गळ्यात अख्खा मंगळवार बाजार घालतात.

आणि पॅच लावल्यावर लगेच दुकानात पळू नकोस. दुकानदाराचा माल गेममधल्या ४८ तासांनी बदलतो. दोन दिवस थांब, मग बघ, नायतर परत इथं येऊन बोंबलशील चादर दिसत नाही म्हणून.

हुरडा_पार्टी

पॅचबिच कशाला, क्वेस्ट बनवून पॅपिरस (गेमची स्वतःची स्क्रिप्टची भाषा) स्क्रिप्टनं गेम चालू असताना ॲड-फॉर्म करून लिस्टमधी चादरी घाला की. ओव्हरराइडच नाही तर भांडण कुठनं येणार? मी माझ्या तीन मॉडमधी असंच केलंय, कुणाशीच कधी कॉन्फ्लिक्ट नाही.

एमएच१३_मेकॅनिक

@हुरडा_पार्टी चालतं, नाही म्हणत नाही, पुष्कळ मोठे मॉड तसंच करतात. पण स्क्रिप्टनं घातलेलं सेव्हमधी जाऊन बसतं. मॉड काढला तरी लिस्टमधी खुणा राहतात, आणि एसएसई-एडिटमधी तर काहीच दिसत नाही, कारण प्लगिनमधी ते नसतंच. दुसऱ्यानं तपासायला घेतलं की डोकं आपटून घेतो. नवीन माणसाला जे डोळ्याला दिसतं तेच दुरुस्त करता येतं असं माझं मत.

आणि ज्याच्याकडं १८० मॉड हायेत त्यानं तर व्राय बॅश ह्या टूलचा बॅश्ड पॅच करून घ्यावा, तो सगळ्या लेव्हल्ड लिस्टची बेरीज स्वतः करतो. फक्त एखाद्या मॉडनं मुद्दाम वस्तू काढली असेल तर त्याला "डीलेव्ह" टॅग लागतो, आणि लेव्हल किंवा नग बदलले असतील तर "रीलेव्ह". नुसती भर घातली असेल तर टॅग लागत नाही. दोस्ताला हे सांग, एकेका मॉडसाठी हातानं पॅच करत बसला तर गड्ड्याची जत्रा येईल.

चादरवाला_१३

अक्षरं लालच हायेत 😅 कळलं आता. म्हणजे मी लढाई हरलेली लिस्ट वर खाली करत बसलो होतो. रात्री पॅच करतो. पण त्या किमतीचं काय? आणि मसालेवाल्याची फाइल बिघडवली ती परत आणायची कशी, मला तर परत डाउनलोड करायची पण लाज वाटलालीय.

जॅकार्ड_अण्णा

चादरवाला, तुझं नाव बघून थांबलो. मी पण यंत्रमागाच्या घरातला, चाळीस वर्षं एमआयडीसीत गेली, त्यातली पहिली अकरा जॅकार्डच्या डिझाइनची कार्डं पंच करण्यात. नातवामुळं ह्या मॉडच्या नादाला लागलो. सांगायचं कारण असं की तुझी तिन्ही दुखणी मी कार्डावर बघितलेली आहेत.

पहिलं ते फॉर्म आयडीचं घे. कार्डांना नंबर घालून दोरीनं ओवलेलं असतं, मागाला नक्षी कळत नाही, त्याला फक्त कितव्या नंबरच्या कार्डावर कुठं भोक आहे एवढंच कळतं. फॉर्म आयडी म्हणजे तसाच नंबर. आठ हेक्स आकडे, त्यातले पहिले दोन म्हणजे प्लगिनची लोड ऑर्डरमधली जागा, उरलेले सहा त्या प्लगिनमधल्या वस्तूचे. अशा पूर्ण प्लगिनना जागा २५४ च, म्हणून लोक ईएसएल करायला धावतात, तिथं सगळ्यांनी मिळून एकच "एफई" ही जागा वाटून घेतलेली आहे आणि तिच्यात ४०९६ हलके प्लगिन बसतात. पण मग वस्तूच्या नंबराला शेवटचे तीनच आकडे उरतात. कॉम्पॅक्ट करतोस म्हणजे सगळ्या कार्डांचे नंबर नव्यानं घालतोस. तुझ्या सेव्हमध्ये मात्र जुने नंबर लिहिलेले. गेमनं जुना नंबर शोधला, सापडला नाही, चादर संपली. कॉम्पॅक्ट करायचं ते मॉड कुणाला द्यायच्या आधी, एकदाच. त्यानंतर त्या नंबरांना हात नाही. जुनी प्रत असेल तर ती परत ठेव, जुना सेव्ह उघड, चादरी पेटीत असतील.

जुनी प्रत कुठं? सेव्ह करताना एसएसई-एडिट आधीची फाइल बॅकअपमध्ये टाकतो, डेटा फोल्डरमध्ये "एसएसई-एडिट बॅकअप्स" नावाचं फोल्डर बघ, फाइलच्या नावापुढं तारीख-वेळ असते. मॉड ऑर्गनायझर (मॉड सांभाळायचं टूल) वापरत असशील तर ते फोल्डर त्याच्या ओव्हरराइट फोल्डरमध्ये सापडेल. तुझी मसाल्याची फाइल पण तिथंच असणार. नाव नीट करून जागेवर ठेव, लाज वाटायचं कारण नाही.

आता स्क्रिप्ट. ती पास्कलमध्ये असते, कारण टूलच डेल्फीत (पास्कलवरच बांधलेली भाषा) लिहिलेलं आहे. आमच्या पोरानं डिप्लोमाला पास्कल केलं तेव्हा आम्ही म्हणायचो हे कुठं कामाला येणार, ते असं आलं. पूर्ण डेल्फी नाही ती, ओळ वाचत वाचत चालवणारा इंटरप्रिटर आहे, म्हणून सावकाश चालते, हजारो रेकॉर्ड दिलेस तर चहा करून ये. स्क्रिप्टमध्ये तीन भाग असतात. इनिशियलाइज एकदा सुरुवातीला, फायनलाइज एकदा शेवटी, आणि मधला प्रोसेस, जो तू निवडलेल्या प्रत्येक रेकॉर्डसाठी एकदा चालतो. "निवडलेल्या" म्हटलं बघ. तू मसालेवाल्या प्लगिनवर राइट क्लिक करून स्क्रिप्ट लावली असणार, तिनं सांगितलं ते केलं. मागावर चुकीचा बीम चढवला तर माग काय करणार?

म्हणून प्रोसेसच्या पहिल्या दोन ओळी ह्याच पाहिजेत: रेकॉर्डची सिग्नेचर (प्रकाराची चार अक्षरं) "एमआयएससी", म्हणजे किरकोळ वस्तू, नसेल तर बाहेर, आणि रेकॉर्ड ज्या फाइलमधला आहे तिचं नाव तुझ्या पॅचचं नसेल तर बाहेर. त्याच्या पुढं किंमत बदलायची. किंमत "डेटा" च्या आत "व्हॅल्यू" मध्ये असते. आधी ३१२ वस्तू पॅचमध्ये ओव्हरराइड म्हणून कॉपी करून घे, सगळ्या एकदम निवडून होतं, मग पॅचवरच स्क्रिप्ट चालव. आणि पहिल्या वेळी किंमत बदलायची ओळच काढून ठेव, तिच्या जागी ॲड-मेसेजनं नुसतं नाव, जुनी किंमत आणि होणारी किंमत खालच्या मेसेजच्या खिडकीत छापून घे. आम्ही पण नवीन कार्डं चढवली की आधी एक वीत नमुना विणून बघायचो, थेट शंभर चादरी कोण विणतं?

शेवटी सेव्हचा डबा उघडतो तेव्हा कुठल्या कुठल्या फाइली बदलल्या त्यांची यादी टिक करून येते. तुझ्या पॅचशिवाय दुसरं नाव दिसलं की सेव्ह करू नकोस, टिक काढ. त्या दिवशी ते नाव तिथं होतं, तू वाचलं नाहीस.

चादरवाला_१३

अण्णा 🙏🙏 बॅकअप सापडला! ओव्हरराइटमधीच होता. मसाले पण आले आणि जुना सेव्ह उघडला तर सहाच्या सहा चादरी पेटीत. आमचे पप्पा म्हणलाले तुम्ही कुठल्या कारखान्यात होता विचार.

जुळे_सोलापूर_ते_हिंजवडी

उशिरा आले. मी मूळची जुळे सोलापूरची, आता पुण्यात नोकरी, दिवसभर सी शार्पमध्ये प्रोग्रॅमिंग. टूल सुधारायचं कसं ह्यावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते, कारण तो प्रश्न मला जास्त आवडला.

एक्सएडिटचा सोर्स गिटहबवर उघडा आहे. गंमत अशी की स्कायरिम आणि फॉलआउट ४ साठी वेगवेगळं टूल वाटतं पण आतून एकच आहे, एक्झेचं नाव बघून कुठला गेम ते ठरवतं. आणि त्याचं खरं धन म्हणजे डेफिनिशनच्या फाइली, म्हणजे कुठल्या रेकॉर्डमध्ये कितव्या बाइटला काय आहे त्याचं वर्णन. हे बहुतेक लोकांनी चाचपडत शोधलेलं आहे. तुम्ही टूलमध्ये कधी "अननोन" लिहिलेला रकाना बघितला असेल, तिथं अजून कुणाला कळलेलं नाही किंवा कुणी नाव दिलेलं नाही. तिथं तुम्हाला हातभार लावता येतो, आणि त्यासाठी डेल्फी यायलाच पाहिजे असं नाही. क्रिएशन किटमध्ये एक रिकामं प्लगिन घ्या, एकच वस्तू, एकच टिक बदला, सेव्ह करा. दोन्ही प्रती एक्सएडिटमध्ये शेजारी शेजारी लावा आणि अननोनमधला कुठला आकडा हलला ते लिहून ठेवा. मग दुसरी टिक. एका वेळी एकच, नाहीतर कशामुळं काय हललं कळत नाही. असं लिहून छोट्या प्लगिनसकट पाठवलं की बनवणाऱ्यांना ते सोनं वाटतं.

बग कळवायचा तरी तसंच. "चालत नाही" एवढं लिहून पाठवणारे खूप, मी पण ऑफिसात रोज तेच वाचते. व्हर्जनचा नंबर, मेसेजच्या खिडकीतला मजकूर जसाच्या तसा, आणि १८० मॉडची यादी न देता दोन प्लगिनमध्ये होईल असा नमुना. बहुतेक वेळा नमुना लहान करता करता आपलीच चूक सापडते आणि पाठवायची वेळच येत नाही, माझं दोनदा झालंय.

स्वतः बिल्ड करायचं असेल तर डेल्फीची कम्युनिटी एडिशन फुकट मिळते, पण त्याला लागणाऱ्या लायब्ररी जोडता जोडता माझा एक अख्खा रविवार गेला आणि शेवटी संध्याकाळी आईनं पाठवलेली शेंगा चटणी खात यूट्यूब बघितलं. ज्यांना पास्कल नकोसं वाटतं त्यांच्यासाठी म्युटाजेन ही सी शार्पची लायब्ररी आहे, आणि तिच्यावर बांधलेलं सिंथेसिस. त्यात तुम्ही "कापडाच्या सगळ्या वस्तूंची किंमत दीडपट" असा नियम लिहिता आणि तो प्रत्येकाच्या लोड ऑर्डरवर चालून त्याच्यासाठी वेगळा पॅच बनवून देतो. चादरवाल्या, तुझ्या बाजारभावाला खरं तर हे जास्त बरं, कारण तुझ्या ३१२ वस्तू तुझ्या कॉम्प्युटरवरच्या, दोस्ताच्या १८० मॉडमध्ये कापड अजून कितीतरी असणार. आणि स्प्रिगिट बघ, तो प्लगिन उलगडून वाचता येईल अशा टेक्स्ट फाइली करतो, त्या गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) ठेवल्या की काल काय बदललं ते ओळीओळीनं दिसतं. बॅकअपच्या फोल्डरवर अवलंबून राहायला नको.

अण्णांच्या पद्धतीला नाही म्हणत नाही हं, ३१२ वस्तूंना त्यांची स्क्रिप्ट पाच मिनिटांत होईल आणि सिंथेसिस शिकायला तुला आठवडा जाईल.

भुईकोट_बग

तो पॅरामीटर मी काढला. न विचारता सांगतोय. काल माझ्या पण सेव्हच्या यादीत दोन नावं होती 😐

चादरवाला_१३

अपडेट: अण्णांची स्क्रिप्ट चालवली, आधी नुसतं छापून बघितलं आणि बरं झालं, कारण त्या ३१२ मधी १४ वस्तूंची किंमत ० होती, दीडपट करून पण शून्यच. त्या हातानं केल्या. दोस्ताच्या गेममधी पॅच लावला, ४८ तास थांबलो, चादर आणि मसाले दोन्ही एकाच दुकानात! ताई, स्प्रिगिट टाकून घेतलंय, सिंथेसिस दिवाळीत बघतो.

एकच राहिलं, चादरीचं नाव मराठीत दिलं तर गेममधी नुसते चौकोन दिसलालेत.

जुळे_सोलापूर_ते_हिंजवडी

चौकोन म्हणजे फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. प्रश्नचिन्हं आली असती तर सेव्ह करताना एन्कोडिंग चुकलं असतं, मग टूल उघडतानाच यूटीएफ-८ सांगावं लागतं. तुझा मजकूर फाइलमध्ये नीट आहे, गेमकडं दाखवायला अक्षर नाही. सध्या रोमनमध्ये नाव ठेव, फॉन्ट बदलणं हे वेगळं प्रकरण आहे, त्याचा वेगळा धागा काढ. आणि स्क्रीनशॉट टाक की, एवढं बोललो सगळे, चादर कुणी बघितलीच नाही.

चादरवाला_१३

टाकला. दुकानात काउंटरवर घडी घालून ठेवलेली ती, आणि दुसरा पलंगावर अंथरलेली.

जॅकार्ड_अण्णा

रंग छान आलाय, किनार पण बरोबर पकडलीस. पण पलंगावरच्या चादरीत मोर उलटे आहेत, चोची पायथ्याकडं.

चादरवाला_१३

तिच्यामारी. आईला पण दाखवलं होतं ते.

जॅकार्ड_अण्णा

तिला दिसलं असणार. टेक्स्चर उभं फिरवून बघ.